शेपूट तुटलेलं नाही

प्रश्न : आमचं घर लोणावळ्याजवळ, रानाला लागून आहे. परवा पावसात फणसाच्या बुंध्याशी करंगळीएवढा जाड, वीतभर काळपट साप सापडला. तोंडापासून मानेवर गेलेली पिवळी रेघ, आणि शेपूट विळ्याने तिरकं छाटल्यासारखं. शेजारचे म्हणतात मांडुळाचं पिल्लू आहे, भरपूर पैसे येतील. मुलाने बरणीत ठेवलाय. विषारी आहे का? शेपटीला हळद लावली तर चालेल?

उत्तर : ताई, हळद लावू नका. ती जखम नाही, शेपूट जन्मतःच तसं असतं. तुमच्याकडे आलाय तो खापरखवल्या, आणि खुणा जुळतात त्या फिप्सनच्या खापरखवल्याशी. फिप्सन हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सुरुवातीच्या काळातले सचिव. १८८८ मध्ये या सापाला त्यांचं नाव मिळालं. याचं सगळं कूळ भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून जगात कुठेच नाही.

तो बिनविषारी आहे, आणि चावतही नाही. हातात घेतला की बोटांच्या बेचक्यात डोकं खुपसतो, कारण त्याला फक्त आत शिरणं ठाऊक. डोकं निमुळतं, डोळे मोहरीएवढे. शरीराच्या पुढच्या भागात दमदार स्नायू असतात. कातडीच्या आत कणा नागमोडी दुमडून तो अंग फुगवतो, बिळाच्या भिंतीला टेकू घेतो आणि डोकं पुढे रेटतो. खातो गांडुळं. अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो.

आता शेपूट. एकदा रस्त्यावर चिरडलेला खापरखवल्या मी घरी आणून भिंगाखाली धरला होता. शेपटीच्या चकतीवर चिखलाचा पापुद्रा होता. ओल्या कापसाने तो पुसला, तेव्हा खाली कानसीसारखे खरखरीत, कंगोरेदार खवले दिसले. माती तिथे मुद्दाम धरून ठेवली जाते. साप पुढे सरकतो आणि मागचं बीळ ही मातीने माखलेली चकती बुचासारखं बंद करते. मांडुळाचं शेपूट बोथट असलं तरी गुळगुळीत असतं. बोट फिरवलं की फरक लगेच कळतो.

शेजाऱ्यांना एवढं नक्की सांगा, की साप पकडून विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो मांडूळ असो की खापरखवल्या. मांडुळाच्या नावाखाली चाललेल्या या पैशाच्या थापांनी किती निरुपद्रवी जीव पोत्यात गेले, याचा मला फार संताप येतो.

बरणी आजच रिकामी करा. उन्हात नको, काचेत तो सुकतो. त्याच फणसाखाली, पालापाचोळा हाताने बाजूला सारून ओल्या भुसभुशीत मातीवर सोडा. मुलाला शेजारी बसवा आणि शेपटीकडे बघायला सांगा. डोकं क्षणात दिसेनासं होतं. चकती मात्र शेवटपर्यंत वर राहते, आणि मग मातीत माती होऊन जाते.