ख्रिस्ती माणसाने मजा-मस्करी करूच नये का? बायबलमधल्या नीतिसूत्रे १०:२३ चा नेमका अर्थ काय?

मनाई वगैरे काही नाही, कुठल्याही फादरना विचारा. पण तुम्ही ज्या वचनावर अडलात, की मूर्खाला वाईट काम म्हणजे खेळ वाटतो आणि समजदाराला तसाच आनंद शहाणपणात मिळतो, ते माझ्या दुखऱ्या जागी लागतं म्हणून लिहितोय.

आमचं घर मालवणजवळ, किनाऱ्यालाच. वाड्यावर एक म्हातारे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे, होते, आम्ही सगळे त्यांना शापाय म्हणजे आजोबा म्हणायचो. वय झालं, दोर ओढवेना, पण रोज सकाळी वाळूत बसून पाणी बघायचे. पाणी कुठे काळवंडलंय, पक्षी कुठे झेपा घेतायत, यावरून मासळी लागली की नाही सांगायचे आणि खरं ठरलं की पोरासारखे खूश. वाट्याला किती बांगडे आले याचं त्यांना काही नाही, बरोबर ओळखलं याचीच मजा.

मी तेव्हा १७ चा, मावसभाऊ २ वर्षांनी मोठा. एकदा पहाटे, अजून फटफटलंही नव्हतं, हा शापायच्या खळ्यात जाऊन ओरडला, "शापाय, बांगडो लागलो, धावा!" म्हातारा अनवाणी धावत सुटला आणि वर ओढून ठेवलेल्या होडीच्या दोरात पाय अडकून पडला. खुबा मोडला. नंतर ते पाणी बघायला कधी आलेच नाहीत. आम्ही माडामागे उभे राहून हसत होतो, मी पण, आणि ते पडल्यावरही थोडा वेळ हसलोच, हे आज तीस वर्षांनी टाइप करायला पण जड जातंय.

मावसभाऊ अजून म्हणतो, "गंमत केलेली रे, मुद्दाम पाडलंय काय?" घरात कुणाचाही रोस, म्हणजे लग्नाआधी नारळाचा रस लावायचा विधी, असला की अ‍ॅक्टिंगसकट हा किस्सा सांगून टाळ्या घेतो. मी त्याला नीतिसूत्रांतलंच २६:१८-१९ दाखवलं, शेजाऱ्याला फसवून वर मस्करी केली म्हणणारा हा जळती कोलितं न् बाण फेकणाऱ्या वेड्यासारखा. तर म्हणे तू सेमिनरीतच, फादर व्हायला, जायला हवा होतास.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर बायबल क्लासमध्ये फादरनी एक भारी गोष्ट सांगितलेली. १०:२३ मधला 'खेळ' आणि ८:३०-३१ मध्ये ज्ञान देवापुढे बागडतं असं येतं तिथला शब्द, हिब्रूत दोन्ही एकाच धातूचे. म्हणजे ज्ञान पण खेळतंच की! त्यामुळे सुतकी तोंड करून बसायची गरज नाही. पण चुकून पाप घडणं वेगळं आणि ते आठवून तीस वर्षं खिदळणं वेगळं, या दुसऱ्या गोष्टीला मी सरळ मूर्खपणा म्हणतो. १ करिंथ १३:६ पण वाचा, प्रीती अनीतीत आनंद मानत नाही.

आता उगाच सगळ्याच मस्करीला पाप ठरवू नका, शापाय स्वतः वस्ताद होते, आमच्या पिशवीत जिवंत कुर्ली, म्हणजे खेकडा, सोडायचे. आणि खरं सांगायचं तर मावसभावाला वचनं दाखवताना मला पण मजा येतच होती. नीतिसूत्रे १८:२ म्हणतं मूर्खाला समजून घेण्यात गोडी नसते, आपलं मत झाडण्यात असते. हे वचन मी त्याला अजून दाखवलेलं नाही.

डिसेंबरात त्याच्या मुलीचा रोस आहे, मला बोलावलंय.