एखाद्या बेटावर उरलेला सरपटणारा प्राणी नामशेष होण्यापासून खरंच वाचवता येतो का? आणि त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

वाचवता येतो. मॉरिशसच्या बेटांवर वाचवलेत, आणि एकच जात नाही.

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय, “पाली-सरड्यांवर पैसा उधळण्यापेक्षा तोच माणसांवर का खर्च करत नाहीत?” हे वाक्य मी माझ्या साडूच्या तोंडून दर दिवाळीला ऐकतो. फराळाच्या ताटावर त्याला धड उत्तर देता येत नाही, दोघी बहिणी डोळे वटारतात. म्हणून इथे देतो.

मी सांगलीकडचा, साखर कारखान्यात केमिस्ट. २००७ ते २०१२ मॉरिशसच्या उत्तरेकडे एका कारखान्यात होतो. साडू माझ्या आधीपासून तिथेच, किराणा माल आयात करणाऱ्या एका कंपनीत. गोदाम त्याच्या ताब्यात.

उत्तर किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर बेटं दिसतात. पहिलं क्वँ द मीर, लाकूड फोडायच्या पाचरीसारखं, एका बाजूला उभा कडा. त्यामागे फ्लॅट आयलंड आणि त्याला खेटून गॅब्रिएल. आणखी पलीकडे, किनाऱ्यापासून बावीस-एक किलोमीटरवर, राउंड आयलंड आणि सर्पंट आयलंड. यातलं राउंड गोल नाही आणि सर्पंटवर साप नाही. साप आहेत ते राउंडवर. नावं ठेवणारा बोटीतून उतरलाच नसावा.

राउंडची गोष्ट आधी उरकतो. सव्वादोन चौरस किलोमीटरचा ज्वालामुखीचा खडक. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी त्यावर शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी ताडा-माडाच्या जातीची रोपं वर येऊच दिली नाहीत. झाडोरा गेला, माती पावसाबरोबर समुद्रात गेली. उंदीर तेवढे तिथे कधी पोचले नाहीत, म्हणून साप आणि सापसुरळ्या कशाबशा तग धरून होत्या. शेळ्या १९७९ पर्यंत संपवल्या. ससे १९८६ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या माणसांनी विष घालून संपवले. मग रोपं उठली, टेलफेअरची सापसुरळी (वीतभराहून मोठी, धीट, पायाशी येऊन बघते म्हणे) वाढली, आणि तिला खाणारा बोआ सापही सावरला. या बोआच्या वरच्या जबड्याचं हाड मधोमध दुमडतं. पाठीला कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्या घराण्यात ही सोय नाही. त्याचा एक भाऊबंद होता, मातीत घुसून राहणारा. तो शेवटचा दिसला १९७५ मध्ये. मातीच वाहून गेल्यावर तो राहणार कुठे?

आता फ्लॅट आयलंड. तिथे १९९५ मध्ये एक सापसुरळी सापडली, जी आपल्याकडे आहे हे मॉरिशसवाल्यांनाच माहीत नव्हतं. इंग्रजीत तिला ऑरेंज-टेल्ड स्किंक म्हणतात. जगात फक्त तेवढ्या एका बेटावर. त्याच दशकात बेटावरचे उंदीर आणि मांजरी काढल्या, आणि २००८ पासून काही शे सापसुरळ्या पकडून थोड्या थोड्या करून क्वँ द मीरवर नेऊन सोडायला सुरुवात झाली. आमच्या आजीचा नियम होता, सगळं धान्य एका कणगीत ठेवू नये. हे तेच.

यातलं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. आम्हाला फ्लॅट आयलंड म्हणजे सहलीचं ठिकाण.

२०१० च्या २६ जानेवारीच्या आसपासचा रविवार. गाळप डिसेंबरातच संपलेलं, म्हणून मोकळे होतो. सात-आठ मराठी कुटुंबं, एक भाड्याची बोट. खाण्यापिण्याची जबाबदारी साडूने घेतली. गोदामातून बटाट्याचं पोतं, कांद्याचं पोतं, कोळसा, कागदी ताटल्यांचा खोका. बटाट्याचं पोतं दोन आठवडे गोदामाच्या कोपऱ्यात पडून होतं, हे त्यानेच नंतर बोलता बोलता सांगितलं.

बोटीत मी त्या पोत्याजवळ बसलो होतो. आधी डिझेलचा वास येत होता. मग वारा फिरला आणि दुसरा वास आला. ज्याचं बालपण मातीच्या भिंतींच्या घरात गेलंय त्याला तो सांगावा लागत नाही. तेलकट, उग्र, पिठाच्या डब्यामागून येणारा. पोत्याचा खालचा कोपरा कुरतडलेला होता, दोन बोटं जातील एवढा.

मी म्हटलं, “दादा, पोत्यात चिचुंद्री आहे. उघडून बघू या.”

तो म्हणाला, “असू दे की. बेटावर गेली तर काय तिजोरी फोडणार आहे?”

सगळे हसले. मीही हसलो, हे लिहिणं भाग आहे.

पोतं दिवसभर सुरूच्या झाडांखाली पडलं होतं. वडे झाले, गाणी झाली. जेवणानंतर साडूने आम्हाला जुन्या पडक्या भिंती दाखवल्या. ही बेटं म्हणजे गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, बोटींचं क्वारंटाइन. १८५६ मध्ये हिंदुस्थानातून आलेल्या दोन बोटींवर पटकी निघाली म्हणून शेकडो माणसं गॅब्रिएलवर उतरवून दिली आणि त्यातली शेकडो तिथेच मेली. साडू फार छान बोलला. त्याचा गळा दाटून आला होता. “रोग मोठ्या बेटावर जाऊ नये म्हणून आपल्या माणसांना इथे टाकलं,” असं म्हणाला. आणि त्याच्या मागे, पन्नास पावलांवर, ते पोतं.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती दीपगृहाकडच्या वाटेवर पाचोळ्यात काहीतरी बघत बसली होती. मला हाक मारली. बोटाएवढी सापसुरळी, अंगावर तेल चोपडल्यासारखी चकाकी, शेपूट केशरी. ती म्हणाली, “बाबा, हिला शेंदूर लावलाय.” आम्ही दोघं वाकून बघतोय तोवर ती पानांखाली सरकली. पानं हलताना दिसली, मग तीही थांबली.

संध्याकाळी पोतं परत उचललं. अर्धे बटाटे संपले होते, त्यामुळे हलकं लागणारच. वास मात्र येत नव्हता. मी आत डोकावून बघितलं नाही.

२०११ च्या गणपतीत मॉरिशसमधल्याच कास्कावेल गावी गेलो होतो. तिथली मराठी मंडळी पिढ्यान्पिढ्यांची. घरात क्रेओल बोलतात, पण आरती अशी म्हणतात की आपण ओशाळावं. तिथे एक तरुण भेटला, बेटांवर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मोजणीला जाणारा. मी कौतुकाने त्याला शेंदरी शेपटीची गोष्ट सांगितली. त्याचा चेहराच पडला. म्हणाला, फ्लॅटवर आता ती मिळत नाही. २०१० मध्ये एक जनावर तिथे शिरल्याचं लक्षात आलं, आणि दीडेक वर्षात सगळं साफ. कुठलं जनावर, म्हटलं. त्याने बोटांनी लांब नाक करून दाखवलं, मग नाक दाबून धरलं, मग तोंडाने ‘चिक चिक चिक’ केलं.

मी मराठीत म्हटलं, “चिचुंद्री.”

तो म्हणाला, “हां, आजी हेच म्हणायची.”

आमच्याच पोत्यातून ती गेली असा दावा मी करत नाही. त्या बेटावर रोज बोटी लागायच्या, आणि आमच्या सहलीच्या आधीच ती पोचली असणंही शक्य आहे. पण न उघडलेलं पोतं माझ्या डोक्यातून जात नाही, आणि साडूच्या डोक्यात ते कधी आलंच नाही. आमचं भांडण एवढंच आहे.

आता तुमचा प्रश्न. कसं वाचवतात? घुसखोर काढतात, झाडं लावतात, दुसऱ्या बेटावर शाखा उघडतात, काही जोड्या लांब कुठेतरी पाळून वाढवतात. राउंडवर तर २००७ पासून सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची महाकाय कासवं आणून सोडलीत, कारण मॉरिशसची स्वतःची कासवं माणसांनी केव्हाच खाऊन संपवली आणि झाडपाला खायला, बिया पसरायला कुणीतरी हवं होतं. हे सगळं वर्तमानपत्रात छापून येतं. छापून येत नाही ते म्हणजे राउंडवर जाणाऱ्याचं सामान. बंद खोलीत प्रत्येक मोजा उलटा करून झटकायचा, चपलांच्या तळातलं बी टोकरून काढायचं, आणि सगळं झाकणाच्या बादल्यांत भरायचं. माझ्या मते खरं वाचवणं ते आहे. बाकीचं एकदा करून होतं, हे रोज करावं लागतं.

खर्चाचं म्हणाल, तर झाकणाच्या बादलीला किती पैसे पडतात? आणि चिचुंद्री एकदा शिरली की काय होतं ते ऐका. इल ओ-झेग्रेत नावाचं सव्वीस हेक्टरचं बेट आहे, आमच्या कारखान्याच्या उसाच्या एका गटाएवढं. तिथल्या चिचुंद्र्या सापळे लावून काढायचा प्रयत्न झाला. फसला. उंदीर दाणे खातो, म्हणून दाण्यातलं विष खातो. चिचुंद्री किडे खाणारी, ती तुमच्या विषाच्या वडीला कशाला विचारते? फ्लॅट तर त्याच्या कितीतरी पट मोठं.

आणि हे सगळे घुसखोर आपल्या ओळखीचे आहेत हो. साळुंकी नेली टोळ खायला. मुंगूस १९०० साली सोडलं उंदीर मारायला. लहानपणी आपण “मुंगसा मुंगसा तोंड दाखव” म्हणत त्याच्यामागे धावायचो, तिथे पक्षी-सरड्यांनी त्याचं तोंड दिसलं की जीव सोडायचा. कवड्या साप तिकडे पोचला, बागेतला सरडा पोचला, चिचुंद्री पोचली. आपल्या घरी ही सगळी गरीब बिचारी, कारण इथे त्यांना खाणारेही आहेत आणि त्यांच्यापासून पळायला शिकलेलेही आहेत. त्या बेटांवरच्या सापसुरळीला कधी कुणापासून पळावंच लागलं नव्हतं.

साडूचा दुसरा मुद्दा सशांचा. “एका पालीसाठी ससे विष घालून मारले, हे कुठलं प्राणिप्रेम?” (पाल नव्हे, सापसुरळी. दर दिवाळीला सांगतो.) दादा, तुझ्या गोदामात दर आठवड्याला चिकटपट्टीवर उंदीर तडफडत मरायचे, ते तू झाडूने केराच्या डब्यात ढकलायचास. माझ्या कारखान्याच्या शिवारात उसात उंदीर पडले की झिंक फॉस्फाईड घालतात, त्यावर कुणी उपास धरत नाही. दोन पैशांसाठी मारलं तर धंदा, आणि एक जात वाचवायला मारलं तर पाप? ससे जगात उदंड आहेत. तो जबडा दुमडणारा साप तेव्हा त्या एका खडकावर होता.

आणि माणसांवर पैसा खर्च करा म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, या सापसुरळीसाठी न खर्चलेला कुठला रुपया माणसापर्यंत पोचलेला तुम्ही पाहिलाय? क्वारंटाइनमध्ये मेलेल्यांसाठी मलाही वाईट वाटतं. त्यांच्या नावाने पोतं न उघडण्याची सूट कुणी दिली?

जरा जास्तच बोललो. काही गोष्टी राहिल्या. विष घालणं सोपं काम नाही, इतर प्राणीही दगावू शकतात, म्हणून ते जाणत्यानेच करायचं. दुसरी कणगीही बिनधोक नसते: त्याच क्वँ द मीरवर टेलफेअरची सापसुरळी नेली आहे, आणि ती लहान सापसुरळ्या खाते. २०१२ मध्ये बोआही नेले. आणि एका वेळी दहा बेटांवर पाणी फिरू शकतं. २०२० च्या जुलैमध्ये वाकाशियो नावाचं जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं, तेल पसरलं, तेव्हा तिकडच्या छोट्या बेटांवरच्या सापसुरळ्या आणि पाली पकडून विमानाने थेट इंग्लंड-फ्रान्समधल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात नेल्या. लॉकडाऊनमध्ये सांगलीत बसून मी ती बातमी बघत होतो. माणसांची विमानं बंद होती. साडूने ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली, वर लिहिलं, “घ्या, पाली विमानात.”

शेंदरी शेपटीची मात्र क्वँ द मीरवर तगली. चिचुंद्री फ्लॅटवर दिसायच्या आधीच त्या काही शे हलवल्या होत्या, म्हणून.

साडू या डिसेंबरात नातवंडांना घेऊन मॉरिशसला निघालाय. फ्लॅट आयलंडची बोट ठरवली आहे. परवा फोन करून विचारत होता, बेटावर जेवणाचं सामान न्यायला काय बरं पडेल. मी म्हटलं, पोतं नको, झाकणाची बादली घे. दोन सेकंद गप्प होता. मग म्हणाला, “अजून तिथेच आहेस होय तू?”