पुण्यात 'तू' कोणाला म्हणावं आणि 'तुम्ही' कोणाला?

तुमचा प्रश्न असा: लहानपण इंदूरला गेलं, घरी मराठीच बोलता, आता नोकरीसाठी पुण्यात आलात. इथे अहो-जाहो कोणाला करायचं, अरे-तुरे कुठे चालतं आणि 'कृपया' म्हटलं की लोक का हसतात?

शेवटचं आधी घेतो. 'कृपया' हा पाटीवरचा आणि स्टेशनवरच्या घोषणेतला शब्द. बोलताना आर्जव क्रियापदात असतं. रिक्षावाल्याला 'थांबा' म्हटलं तर ती सूचना झाली. 'जरा थांबता का?' ही विनंती. वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला 'द्याल का?', 'सांगाल का?' जास्त शोभतं. मंडईत 'कोवळी भेंडी बघून द्या ना, मावशी' म्हणा. त्या एका 'ना'ने आज्ञेची धार जाते.

अनोळखी माणसाशी 'तुम्ही'नेच सुरुवात करा. शाळकरी मुलं सोडली तर वय बघू नका. पार्सल घेऊन आलेला पोरगा विशीतला असला तरी 'या', 'थांबा', 'घ्या'. वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या ताई यांना वयाने मोठे असूनही 'तू' म्हणायची जुनी सवय अनेक घरांत होती. ती आता सुटते आहे, आणि सुटायलाच हवी.

मात्र तोंडाने 'तुम्ही' म्हणून पुढचं वाक्य घसरलं तर उपयोग नाही. 'तुम्ही करू नको' नव्हे, 'तुम्ही करू नका'. 'काकाला विचारलं' हे घरच्या, जवळच्या काकाबद्दल ठीक. शेजारच्या काकांबद्दल बोलताना 'काकांना विचारलं'. त्या अनुस्वारात आणि 'ना'त सगळा मान आहे. ते समोर नसले तरी हा नियम सुटत नाही: 'सर आले', 'ते म्हणाले'. बाईंसाठी 'मॅडम आल्या', 'त्या म्हणाल्या'. 'मॅडम आलेत' पुण्यातही कानावर पडतं, पण 'आल्या आहेत' म्हणा.

हिंदीतल्या 'आप'मुळे तुमच्या तोंडी 'आपण' येत असेल, तर जपून. मराठीत मान देण्यासाठी 'आपण' आहे, पण ते व्यासपीठावरचं, निमंत्रणपत्रिकेतलं. शेजाऱ्याला 'आपण गावाला कधी जाणार?' असं विचारलंत, तर तुम्हीही त्याच्याबरोबर निघालात असं त्याला वाटेल.

हाक मारताना 'भैया' टाळा. 'दादा' किंवा 'काका' रिक्षापासून किराणा दुकानापर्यंत कुठेही चालतं. बायकांच्या बाबतीत शंका आली की 'ताई'. तिशी-चाळिशीतल्या बाईंना 'काकू' म्हटलेलं बहुतेकींना आवडत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

सगळ्यात मोठा बदल घरात झालाय. आईला 'तू' पूर्वीपासून होतंच; वडिलांना मात्र 'अहो बाबा, तुम्ही' असायचं. आता कित्येक घरांत 'ए बाबा, तू ये ना' सर्रास ऐकू येतं. नवऱ्याला 'अहो' म्हणण्याऐवजी नावाने हाक मारतात, तरी सासरच्या मोठ्यांसमोर 'अहो' करणाऱ्याही आहेत. सासू-सासऱ्यांना बहुधा 'तुम्ही'च. हा मान कमी झाल्याचा पुरावा मी मानत नाही. जवळीक दाखवायला 'तू' आणि अंतर राखायला 'तुम्ही', एवढाच हिशेब उरतो आहे.

ऑफिसचं म्हणाल, तर हिंजवडी-खराडीकडच्या बऱ्याच आयटी कंपन्यांत मॅनेजरलाही नावाने हाक आणि 'तू'. बँकेत, कॉलेजात, सरकारी कचेरीत सर-मॅडम आणि 'तुम्ही'. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं ते वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं: 'अरे, मला अहो-जाहो नको करूस.' तसं म्हटल्यावरही ग्राहकासमोर 'तुम्ही' ठेवलेलं बरं. आणि एकदा 'तू'वर आलात की कारणाशिवाय परत 'तुम्ही'वर जाऊ नका. मराठीत ते रुसल्याचं किंवा चिडल्याचं लक्षण समजतात.

आभाराला रोजच्या बोलण्यात 'थँक्यू' पुरतं. 'धन्यवाद' जरा औपचारिक. कोणाच्या घरून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' किंवा 'निघतो' म्हणा. पंगतीत वाढताना नुसतं 'नको' तुटक वाटतं. 'आत्ता नको, लागलं तर मागून घेतो' म्हणा आणि खरंच मागून घ्या.