पलटणीतले आबा, ठाण्यातले आबा

प्रश्न : आमचे आबा १९६६ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, १९७१ च्या युद्धात लढले आणि १९८१ साली हवालदार म्हणून पेन्शनीत आले. पुढच्या वर्षी ते कर्नाटक पोलिसांत शिपाई म्हणून लागले व २००५ साली सहायक फौजदार या पदावरून निवृत्त झाले. गेल्या वर्षी ते वारले. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढण्याचा आम्हा भावंडांचा विचार आहे. काकांचे म्हणणे असे, की पलटणीचे सविस्तर लिहावे आणि पोलिसातली वर्षे दोन ओळींत संपवावीत. कारण १९८६ च्या सीमा आंदोलनात आबा बंदोबस्ताला होते आणि ते गावात काहींना अजून खुपते. पण म्हातारी माणसे आबांची आठवण काढतात ती ठाण्यावरूनच. तक्रार मराठीत सांगितली की ते ती कन्नडमध्ये लिहून घेत आणि परत मराठीत वाचून दाखवत. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, काकांची काळजी समजते, पण त्यांचा सल्ला मानू नये असे आम्हाला वाटते. पंधरा वर्षे पलटणीत आणि तेवीस वर्षे ठाण्यात घालवलेल्या माणसाची तेवीस वर्षे वगळली, तर उरते ते अर्धेही आयुष्य नव्हे.

पलटणीचा भाग लिहिणे तुलनेने सोपे आहे, कारण त्याची कागदपत्रे सापडू शकतात. आबांची ट्रंक उघडा आणि पदके नीट पाहा. त्यांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. ‘पूर्वी स्टार’ असेल तर ते पूर्व आघाडीवर होते आणि ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेला. १९७२ सालचे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे पदक हे युद्धपदक नव्हे, एवढे लक्षात ठेवा. अनेक घरांत तेच लढाईचे म्हणून दाखवले जाते. आबा पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत असतील, तर आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरचा उल्लेख हवाच. १९७१ च्या डिसेंबरात ब्रह्मपुत्रा ओलांडून या पलटणीने जमालपूरच्या दक्षिणेकडची वाट रोखली होती. शरण येण्याविषयी धाडलेल्या पत्राला पाकिस्तानी कमांडरने चिठ्ठीसोबत बंदुकीची गोळी पाठवून उत्तर दिले आणि १० डिसेंबरच्या रात्री त्याचे सैन्य निसटू पाहत असताना मराठ्यांच्या नाकाबंदीवर येऊन आदळले. मात्र आबा तिथे होते असे कागद सांगत असेल तरच लिहा. रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय बेळगावातच आहे; सेवा क्रमांक आणि वारस असल्याचा पुरावा जोडून अर्ज करता येतो.

आता ठाण्याकडे वळू. तुमच्या पत्रातली खरी मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. दखलपात्र गुन्ह्याची तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती सांगणाऱ्याला वाचून दाखवावी, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्येच होते. परंतु ज्याला कन्नड कळत नाही अशा शेतकऱ्यापुढे कन्नड मजकूर भराभर वाचला, तर कलम पाळले जाते आणि माणूस मात्र जिथल्या तिथे राहतो. बांध कोरल्याची किंवा बैल चोरीला गेल्याची फिर्याद आपण सांगितली तशीच उतरली की नाही, हे त्याला मराठीतून ऐकल्यावाचून कळणार कसे? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर या भागात घराची भाषा एक आणि कचेरीची दुसरी झाली. त्या दोहोंमध्ये आबा रोज उभे राहत होते. ज्यांच्या तक्रारी त्यांनी अशा लिहिल्या त्यांतली चार-पाच माणसे हयात असतील, तर आधी त्यांच्याकडे जा आणि ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. पदकांचे कागद थांबतील, ही माणसे थांबणार नाहीत.

१९८६ विषयी लपवूही नका आणि वकिलीही करू नका. कन्नडसक्तीविरुद्धच्या त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आजही दर १ जूनला लोक अभिवादनाला जमतात, आणि कदाचित तुमच्या गावचेही जात असतील. म्हणून आबा त्या काळात बंदोबस्ताला होते एवढे साध्या वाक्यात लिहावे, कुठे होते हे सेवापुस्तकावरून किंवा सहकाऱ्यांकडून पक्के कळले तर तेही लिहावे. त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना मात्र करू नये. ते त्याबद्दल घरी बोलत नसतील, तर ‘बोलत नसत’ असेच छापा.

एक बारीकसा मुद्दा राहिला. हवालदार हा हुद्दा पलटणीतही असतो आणि ठाण्यातही, त्यामुळे दर ठिकाणी कोणता ते स्पष्ट करा, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल. आणि पोलिसातले त्यांचे बरेच सोबती कन्नड वाचणारे असणार, तेव्हा चार पाने कन्नडमध्येही घ्या. सेवापुस्तकातला कन्नड मजकूर समजून घेण्यासाठी जो मदत करील, त्यालाच हेही काम सांगता येईल.