नवीन सिस्टर, चूक झाली तर

अगं, औषध देण्यात चूक झाल्याचं लक्षात आलं की आधी पेशंटकडे जा. बीपी, पल्स, शुद्ध बघ. इन्सुलिन जास्त गेलं असेल तर लगेच शुगर तपास. मग ड्यूटी डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना स्पष्ट सांग: काय दिलं, किती, किती वाजता. नोंदीत खाडाखोड नको. लपवलेल्या चुकीत उपचाराचा वेळ निघून जातो, मला त्याचीच जास्त भीती वाटते.

इन्सुलिनच्या ४० आणि १०० युनिटच्या सिरिंज वेगळ्या असतात. व्हायलवर, म्हणजे औषधाच्या बाटलीवर, ४० की १०० ते वाचूनच सिरिंज उचल. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत नाही, पातळ करूनच, सावकाश. दोन्ही वेळी दुसऱ्या सिस्टरला दाखव, रात्रपाळीत तर नक्कीच.

आणि डबल ड्यूटीला दर वेळी हो म्हणू नकोस. सोबतच्या सिस्टरला पेशंटकडे लक्ष ठेवायला सांगून डबा वेळेवर खा.