मुलगी मोबाईल बघत रस्ता ओलांडते, तिला नेमकं काय शिकवावं?

तुम्ही विचारलंय की मुलगी जळगावात क्लासला पायी जाते, वाटेत हायवे ओलांडते, कानात इअरफोन आणि नजर मोबाईलमध्ये. रागावून फरक पडत नाही.

ताई, ‘मोबाईल बघू नको’ एवढ्याने सवय सुटत नाही. मोबाईल कुठे ठेवायचा ती जागा ठरवून द्या. रस्त्याची कड तीन पावलांवर आली की स्क्रीन बंद, मोबाईल पर्समध्ये आणि पर्सची चेन लावलेली. नुसता हातात धरलेला मोबाईल थरथरला की मान आपोआप खाली जाते. फोनवर बोलत ओलांडणंही तितकंच वाईट. डोळे समोर असले तरी लक्ष बोलण्यात असतं, मग समोरून येणारी गाडी दिसूनही जाणवत नाही.

तिला हा हिशेब करून दाखवा, तो पटतो. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 14 मीटर कापते. चालकाला माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत निदान एक सेकंद जातो. पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला तेवढंच अंतर लागतं, म्हणजे एकूण कमीत कमी 28 मीटर. भरलेल्या केळीच्या ट्रकला त्याहून जास्त. सात मीटरचा रस्ता ओलांडायला नेहमीच्या चालीने सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ती गाडी 84 मीटर पुढे आलेली असते. ‘लांब आहे अजून’ हा अंदाज इथेच चुकतो. त्यात मोबाईल बघताना चाल मंदावते, म्हणजे रस्त्यावर आणखी जास्त वेळ.

दुभाजक असेल तर अर्धा रस्ता ओलांडून थांबायचं, पण तिथेही मोबाईल काढायचा नाही. सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने मोटारसायकली येतात, म्हणून एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघायचं. फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने चालावं, गाड्या समोरून येताना दिसतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा धोका वेगळाच आहे. तोंडाला स्कार्फ, खाली इअरफोन. स्कार्फने बाजूचं दिसणं कमी होतं, इअरफोनने हॉर्न दबतो, आणि बॅटरीवरच्या गाड्यांचा तर आवाज फारच कमी असतो. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही म्हणून मोबाईल डोळ्यांजवळ धरला जातो. रस्त्याला लागण्याआधी दोन्ही इअरफोन काढायचे आणि स्कार्फ डोळ्यांच्या कडेपासून मागे सारायचा.

काही अँड्रॉइड मोबाईलमध्ये डिजिटल वेलबीइंगच्या सेटिंगमध्ये ‘हेड्स अप’ असतं. चालताना मोबाईल वापरला की ते समोर बघायला सांगतं. चालू करून द्या, पण ती फक्त आठवण आहे. जाण्या-येण्याच्या वेळेला ‘डू नॉट डिस्टर्ब’चं, म्हणजे मोबाईल आपोआप गप्प ठेवणाऱ्या सेटिंगचं, वेळापत्रक लावणं जास्त उपयोगी.

आणि त्या वेळेत ‘कुठवर आलीस?’ म्हणून तुम्ही स्वतः फोन करू नका. क्लासच्या दारात पोहोचल्यावर तीच करेल, असं ठरवून घ्या.