टर्कीच्या पोटात ब्रेडच हवा असं नाही

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला टर्की हा मोठा पक्षी पोटात सारण भरून भाजतात. तुम्ही ती पहिल्यांदाच करताय, तर सारणासाठी नेहमीच्या ब्रेडऐवजी वाइल्ड राइस घेऊन बघा. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या तळ्यांत उगवणारं हे गवताचं काळं, लांब बी. आपल्या तांदळाचं लांबचं नातलग. तिथले मूळनिवासी ओजिब्वे लोक होडीत बसून ते काठ्यांनी झोडपून काढतात. शिजायला पाऊण तास लागतो. दाणा फुटून आतला पांढरा भाग दिसला की उतरवा. लोण्यात कांदा, सेलरी, मशरूम परता, मूठभर सुक्या क्रॅनबेरी टाका. ब्रेडसारखा याचा लगदा होत नाही आणि दाण्याला खमंग, भाजक्या सुक्यामेव्यासारखी चव असते. मला तरी याहून आवडतं सारण सापडलेलं नाही.

चिनी-अमेरिकन घरांत चिकट तांदूळ, शिताके मशरूम आणि गोडसर चिनी सॉसेज भरतात, तेही सुरेख लागतं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधलं ऑयस्टरचं (कालवांचं) सारण मात्र पहिल्याच वर्षी नको.

आता महत्त्वाचं. सारण आदल्या रात्री पक्ष्यात भरून ठेवू नका, जंतू वाढतात. ओव्हनमध्ये घालायच्या अगदी आधी भरा, तेही सैलसर, कारण भात रस पिऊन फुगतो. टर्कीच्या दर पौंड वजनाला पाऊण कप सारण पुरे. मांस शिजलं म्हणजे सारण शिजलं असं समजू नका! थर्मामीटर सारणाच्या मधोमध खुपसा, तिथे १६५ फॅरनहाइट दिसायलाच हवं. उरलेलं सारण वेगळ्या भांड्यात भाजा. वरचा कुरकुरीत थर मुलं आधी संपवतात.